अंगणाचा ताबा

हायकोर्टात जिंकल्यावर माणसाने पेढे घ्यावेत, निदान वकिलाला पोटभर जेवू घालावं. वैजनाथ खंडपीठाच्या फाटकाबाहेर आला आणि पानाच्या टपरीच्या सावलीत नुसता उभा राहिला. तालुक्याचे वकील बिभीषणराव कागद समजावून सांगायला सोबत आले होते. ते त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “झालं. आता मूळ दावा चालेल तेव्हा चालेल, तोवर अंगण तुमचं.” वैजनाथ हसला. ते हसू त्याला फार वेळ धरवलं नाही.

अंगण कुणाचं होतं ते आधीच सांगून टाकतो. बनुबाईचं होतं. हे वैजनाथला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, वस्तीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते फक्त तीन कोर्टांना, आणि त्यात कोर्टांची काही चूक नव्हती.

पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर त्या वस्तीत दोनच घरं. वैजनाथकडे विहीर आणि दुभत्या गायी, म्हणून तो बारमाही घरी. बनुबाईचं रान कोरडवाहू. नवरा गेल्यापासून दरवर्षी दिवाळी झाली की ती, मुलगा अजिनाथ आणि सून कोयते घेऊन उसाला, तोडणीला जायची आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परतायची. जाताना किल्ली शेजाऱ्याच्या हातात द्यायची, ही तिथली रीत. नुसती किल्ली देऊन भागत नाही. मागे राहणाऱ्याने जाणाऱ्याच्या अंगणात आपली जनावरं बांधायची, कडबा रचायचा, तिन्हीसांजेला आत जाऊन दिवा लावायचा. ओस घराला वाळवी लागते आणि चोरांचीही नजर लागते. दारात गाय रवंथ करताना दिसली की घर नांदतं वाटतं. ह्या सगळ्याची लेखी नोंद कुणी करत नाही. करायची म्हटलं तर शेजारी जन्मभर बोलायचा नाही.

वर्षानुवर्षं असं चाललं होतं. मग खालचा रस्ता डांबरी झाला, बनुबाईचं अंगण रस्त्याला लागून आलं आणि वैजनाथचा मुलगा हर्षल म्हणाला, “दादा, इथं दूध संकलन केंद्र टाकलं तर दहा गावांचं दूध येईल.” जागा मागितली असती तर बनुबाईने एखादा कोपरा दिलाही असता. पण मागायचं म्हणजे नाही ऐकायची तयारी ठेवायची, आणि ती बापलेकांपैकी कुणाचीच नव्हती. पुढे सगळं पोरावर ढकलायला वैजनाथला आवडलं असतं. पण शपथपत्रावर सही बापाची आहे.

बिभीषणरावांनी उतारे पाहिले. बनुबाईच्या घराची नोंद ग्रामपंचायतीत होती, अंगणाची कुठेच नव्हती. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “आत्ता ह्या घडीला तिथं काय आहे?”

“माझ्या गायी हायेत. कडबा हाय.”

“ती माणसं कुठं आहेत?”

“उसाला.”

“मग घाई करा,” वकील म्हणाले.

दावा दाखल झाला आणि पौषातल्या एका सकाळी कोर्टाने नेमलेले कमिशनर जागा पाहायला आले. त्यांनी गायींचे फोटो काढले, गव्हाणीचे काढले, कडब्याच्या गंजीचे काढले. ऊन चढलं तसं वैजनाथने कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या किल्लीने बनुबाईचं कुलूप उघडलं, तिची बाज बाहेर काढली आणि त्यांना तिच्याच बाजेवर बसवून चहा पाजला. “घर तिचंच हाय बरं का,” असंही तो मोठ्या मनाने म्हणाला. शपथपत्रात मात्र लिहिलं, की अंगण गेली बारा वर्षं माझ्या ताब्यात असून प्रतिवादी बाईंचा त्याच्याशी काही संबंध नाही. सही करताना त्याचा हात जरासुद्धा कापला नाही. हात कापला असता तर मला हा माणूस जास्त आवडला असता.

त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, कौसाने, बनुबाईच्या घरात दिवा लावणं सोडलं. इतकी वर्षं ते काम तिचं होतं. “आता तुमीच लावा,” ती म्हणाली. “मला तिच्या देव्हाऱ्याम्होरं उभं ऱ्हाता येनार न्हाई.” वैजनाथने चार दिवस लावला आणि मग विसरल्यासारखं केलं.

पाडव्याला बनुबाई आली ती पाच शेळ्या घेऊनच. तिचं ठरलं होतं. यंदापासून उसाला जायचं नाही. अंगणात शेळ्या बांधायच्या आणि नातीला घेऊन घरी राहायचं. नात दुसरीत होती, म्हणजे पटावर दुसरीत होती. दरवर्षी दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर फडात जाई, आणि परत येई तेव्हा अक्षरं विसरून आलेली असे. आजी घरी राहिली तर पोरगी शाळेत राहणार होती, एवढा सगळा हिशेब त्या अंगणावर उभा होता. बनुबाईने टेम्पोतून उतरून पाहिलं, तर अंगणाला तारेचं कुंपण.

“वैजनाथ, ही तार कशाला रं?” तिने विचारलं.

“कोर्टाचं काम हाय, आक्का,” तो म्हणाला आणि गोठ्यात गेला. किल्ली कौसाने नेऊन दिली.

तूर्त मनाईच्या कामात कोर्टं जरा घाई करतात. बनुबाईच्या वकिलाने सांगितलं की बाई किल्ली देऊन जातात, रीत आहे. न्यायाधीशांनी विचारलं, पुरावा काय? पुरावा काय असणार? एका बाजूला फोटो, कमिशनरचा अहवाल, शपथपत्र. दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचं तोंड. वस्तीवर तिसरं घर नव्हतं. न्यायाधीश काही वाईट माणूस नव्हते. समोर ठेवलं ते त्यांनी पाहिलं, आणि समोर जे होतं ते वैजनाथने मांडलेलं होतं. मनाई मिळाली. बनुबाईला दारापर्यंत जायला दोन हात रुंदीची वाट ठेवली, बाकी अंगणात पाय टाकायचा नाही. पुढे जिल्हा कोर्टाने अपील फेटाळलं. शेळ्या बांधायला जागा नाही म्हणून एकेक करून विकल्या गेल्या. मग अजिनाथने कुणाच्या तरी सांगण्यावरून हायकोर्टात रिट घातलं.

तिथे निकाल लागला त्या दिवशी बनुबाई धुवट हिरवं लुगडं नेसून कोर्टाच्या दालनात मागच्या भिंतीला टेकून उभी होती. वैजनाथ पलीकडच्या बाकावर. समोरचं सगळं इंग्रजीत चाललं होतं. दोघांनाही कळत नव्हतं, आणि अधूनमधून एखादं ओळखीचं नाव आलं की दोघंही एकदमच माना वर करत. शेवटी न्यायमूर्तींचं लक्ष तिच्या जोडलेल्या हातांकडे गेलं असावं. ते मराठीत बोलले.

“आजी, तुमचं म्हणणं मी वाचलं. तुम्ही खरं बोलत नाही, असं मी म्हणत नाही. पण खालच्या दोन कोर्टांनी पुरावा पाहून एक मत बनवलं आहे. ते मत मला पटलं नाही, एवढ्यावरून मी ते खोडू शकत नाही. ती कोर्टं आपल्या हद्दीत राहून वागली की नाही, एवढंच मला इथून पाहता येतं. ती हद्दीत राहिली आहेत. दावा अजून चालायचा आहे. तिथं साक्षीपुरावा द्या.”

“म्हंजी तुमाला करता येत न्हाई?” बनुबाईने विचारलं. दालनात कुणीतरी दबकं हसलं.

“नाही, आजी. मला करता येत नाही.”

तिने मान हलवली. मग वळून तिने वैजनाथकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, पापणी न लववता. तळतळाट देतेय, असं त्याला वाटलं. त्याने खिशातला मोबाईल काढला आणि बंद असलेल्या पडद्यावर बोट फिरवत बसला.

परतीच्या जीपमध्ये त्याने बिभीषणरावांना विचारलं, “पन साहेब, खालच्या कोर्टाचं चुकलं आसंल तर?”

“कोण म्हणतं चुकलं?”

“न्हाई, समजा.”

वकिलांनी खिडकीची काच खाली केली. “हे बघा, खालच्या दिवाणी कोर्टाच्या प्रत्येक निकालात हायकोर्ट रिटमधून हात घालायला लागलं, तर खालची कोर्टं कशाला ठेवायची? म्हणून हायकोर्टाने स्वतःला आवरून धरायचं असतं. अधिकार नसताना कुणी निकाल दिला, किंवा काही पुरावाच नसताना दिला, तर ते उचलून फेकतं. पण अधिकार आहे, पुरावा आहे, आणि त्यातून चुकीचं मत निघालं, तर ती चूक तिथंच राहते. दाव्यात दुरुस्त होईल तेव्हा होईल.”

“कवा होईल?”

“आठ वर्षं, दहा वर्षं. तुम्हाला कसली घाई?”

“तवर कुनालाच करता येत न्हाई?”

बिभीषणराव हसले. “तुम्हाला येतं की. तुम्ही उद्या लिहून दिलंत की मला मनाई नको, तर एका दिवसात उठेल. पण असं येडं कोण करतं?”

 तीन कोर्टं, इतके वकील, इतके कागद, आणि सगळ्याची गाठ येऊन पडली होती ती त्याच्या एकट्याच्या जिभेवर. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायची गरज होती का, हा प्रश्न त्याला पडला, आणि तो नको होता म्हणून त्याने बिभीषणरावांना पावसाचं विचारलं.

दिवाळी आली. हर्षलने पत्र्याच्या शेडची मोजमापं घेतली. वैजनाथ उगाच गायींवर खेकसू लागला. जेवताना त्याला समोरच्या दारातून दोन हातांची ती वाट दिसे, आणि वाटेवरून डोक्यावर हंडा घेऊन अंग चोरत जाणारी बनुबाई दिसे. लुगड्याचा काठ तारेला लागू नये म्हणून ती तो मुठीत धरून चालायची. त्याने पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवायला सुरुवात केली. कौसाने ते पाहिलं. तिने फक्त ताट भिंतीपाशी मांडायला सुरुवात केली, आणि ते त्याला जास्त लागलं.

भाऊबीज झाली आणि रस्त्यावर तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर उभा राहिला. अजिनाथने भांडी चढवली, सुनेने सरपण बांधलं. नात शाळेचं दप्तर पाठीला लावूनच ट्रॉलीत चढून बसली होती, ते काढ म्हटलं तर काढेना. बनुबाईने दाराला कुलूप लावलं, ती वाट चालून आली आणि वैजनाथच्या उंबऱ्याशी थांबली.

“घे,” ती म्हणाली.

तिच्या तळहातावर किल्ली होती.

वैजनाथ उठला, पण त्याचा हात पुढे होईना. “आक्का, मला कशाला?”

“मंग कुनाला देऊ? हितं दुसरं हाय कोन?” तिचा आवाज रोजचाच होता. “पावसानं मागल्या भिताडाला वल आलीया. तेवढं अधनंमधनं दार उघडं टाकत जा. कौसाला म्हनावं, जमलं तर दिवा लाव.”

“ह्या वर्षी तू जानार नव्हतीस.”

“नव्हतेच. पन मोकळ्या हातानं हितं बसून खाऊ काय? मुकादमाकडनं आगाऊ पैशाची उचल घेतली.”

तिने किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि वळली. शिव्या दिल्या असत्या तर त्याने चार परत दिल्या असत्या आणि रात्री गाढ झोपला असता. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी त्याला वाकून ती किल्ली उचलवेना. शेवटी कौसाने उचलली आणि त्याच्या मुठीत कोंबली. “घ्या की,” ती म्हणाली. “ताबा तुमचाच हाय न्हवं?”

दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं त्याच दिवशी तो तालुक्याला गेला. बिभीषणराव आधी समजुतीने बोलले, मग ओरडले, मग म्हणाले की माझी अब्रू जाईल. शेवटी त्यांनी लिहून दिलं की दावा काढून घेतो, मनाई उठवावी. वैजनाथने ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाला, “ह्यात मी खोटं बोललो ते कुठं हाय?”

“ते कशाला? गोत्यात याल.”

“लिवा.”

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला. “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?”

“न्हाई साहेब.”

“शपथपत्रात तुम्ही बारा वर्षांचा ताबा लिहिलात. आता म्हणता, ती जागा बाईंची आहे, तुम्ही फक्त राखत होता. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?”

“तवा.”

“तुमच्यावर विश्वास ठेवून मी आदेश केला. त्यावर अपील झालं, ते हायकोर्टापर्यंत गेलं. वरच्यांनी माझा आदेश राखला, कारण मी पुरावा पाहून दिला होता. आणि तो पुरावा असा होता.” त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, पण वैजनाथला मान वर करता आली नाही. त्यांनी मनाई उठवली, आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई का करू नये याचं उत्तर पुढच्या तारखेला द्यायला सांगितलं.

हर्षलने बोलणं टाकलं. वैजनाथने स्वतः पक्कड घेऊन तार काढली, गायी आपल्या गोठ्यात आणल्या आणि अंगण झाडून घेतलं. सगळं करून झालं तेव्हा त्याला फार हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मग आदेशाची नक्कल पिशवीत घालून तो एसटीने निघाला. बनुबाईची टोळी देवळाली प्रवराच्या बाजूला फडावर आहे, एवढं त्याने मुकादमाकडून काढलं होतं.

पोहोचला तेव्हा दुपार टळली होती. अजिनाथ आणि सून फडात होती. ओळीने उभ्या पाचटाच्या खोप्यांतल्या शेवटच्या खोपीशी बनुबाई वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. नात दगडावर बसून दप्तरातलं पुस्तक उलटंसुलटं करत होती. वैजनाथने कागद पुढे धरला.

“आक्का, मनाई उठली. मीच उठवली. खरं काय ते सांगितलं जज्जाला. अंगन तुझं हाय. तार काढलीया.”

तिने चिंधीचे हात पुसून कागद घेतला, शिक्का पाहिला आणि घडी करून कमरेला खोचला. “बरं केलंस,” ती म्हणाली. “बस. पानी पी.”

“आता चल घरी. पोरीची शाळा हाय.”

“कशी येऊ? उचल फिटस्तवर मुकादम सोडंल व्हय? पाडव्यालाच आता.”

त्याने हे हिशेबात धरलंच नव्हतं. उशीर होतो म्हणजे काय होतं, ते समोर दगडावर बसलं होतं. त्याने घाईघाईने म्हटलं, “मंग पोरीला तरी माझ्याबरोबर दे. माझ्या घरी ऱ्हाईल. कौसा बघंल तिला. म्या रोज शाळंत सोडतो.”

बनुबाईने मोळीची गाठ आवळली. मग दुसरी मोळी पुढ्यात ओढली.

“त्या दिशी मोठ्या कोर्टात,” ती म्हणाली, “जज्ज म्हनले, मला करता येत न्हाई. चांगला मानूस. तोंडावर सांगितलं. तवा मी तुझ्याकडं बघितलं. बघितलंस न्हवं तू?”

“व्हय.”

“का बघितलं म्हायती हाय? त्यांना करता येत नव्हतं. तुला येत हुतं. म्हनलं, आता उठंल वैजनाथ, आता बोलंल. तू मोबाईल काढलास.”

वैजनाथला तळतळाट हवा होता. इतके दिवस तो त्याच नजरेला तळतळाट समजून मनात तिच्याशी भांडत आला होता. ती त्याच्याकडे मागत होती, आणि त्याने बंद मोबाईलवर बोट फिरवलं होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि भरून आले याचीही त्याला लाज वाटली. त्याने करगोट्याची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे धरली.

“ही तरी घे.”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” बनुबाई म्हणाली. “घर बघायला कोनतरी लागतंय. भिताडाची वल बघ, दिवा लाव, गायी बांध अंगनात. किल्ली मी तुला आजबी देते.” तिने नातीच्या पाठीवरचं दप्तर सरळ केलं. “पोरगी न्हाई देनार.”

नातीने पुस्तकातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि आजीला चिकटून बसली. वैजनाथ पाणी प्यायला, तांब्या पालथा घातला आणि किल्ली परत करगोट्याला बांधली. शेवटची एसटी चुकू नये म्हणून तो उसाच्या कडेकडेने रस्त्याकडे चालू लागला. घरी पोहोचल्यावर आधी बनुबाईचं दार उघडून भिंत पाहायची होती.